चौथ्या दशकाचा हेतू

जपमाळेचे चौथे दशक आले आणि कुणीच सुरुवात केली नाही.

माळ सेसिलियाच्या बोटांत थांबली होती. वेदीवर मेणबत्ती जळत होती, परडीतले चिकू मंद गंधाळत होते, आणि क्रुसाची सावली छतापर्यंत जाऊन थरथरत होती. बोईसरच्या या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी माळ होई, दहा-दहा मण्यांची पाच दशके. पहिले दहा मणी सेसिलियाचे, दुसरे तिच्या नवऱ्याचे, पास्कोलचे. तिसरे धाकट्या सलोनीचे, चौथे थोरल्या दर्पणचे. पाचवे दशक सगळ्यांनी मिळून म्हणायचे. दर्पण दुसऱ्या पाळीला असला की मुलाचे मणी पास्कोल म्हणे. आज त्याने मान वर केली नाही.

उन्हे कलताना खिडक्यांच्या काचा थरारल्या होत्या. मग भोंगा. मग कारखान्यांच्या बाजूने आलेला आंबूस वास, अजून पडद्यांत अडकून राहिलेला. दर्पणचा फोन लागत नव्हता. इंद्रजीतचाही नाही. इंद्रजीतची बायको प्रतीक्षा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. ती शेजारच्या खोलीत राहणारी, लग्न होऊन जळगावकडून आलेली. या गावात तिचे दुसरे कुणी नव्हते. प्रार्थनेचे शब्द येत नसले तरी माळेच्या वेळी ती रोज अशीच येऊन बसे. दोघींची माणसे रसायनांच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, एकाच रिॲक्टरवर. खालचा दुकानदार झुंबर मघाशी जिन्यातूनच सांगून गेला होता, "रिॲक्टर फुटला म्हणतात. एक गेला. नाव नाय कळलं."

एक.

तो शब्द खोलीत येऊन बसला होता. सेसिलियाने प्रतीक्षाकडे पाहिले. त्याच क्षणी प्रतीक्षानेही तिच्याकडे पाहिले. दोघींनी नजरा काढून घेतल्या.

"मी म्हणते," सेसिलिया म्हणाली.

दशकाआधी हेतू सांगायचा, आणि तो मोठ्याने सांगायचा, हा या घरातला नियम. तो तिनेच घातलेला. लहानपणी दर्पणने एकदा मनातल्या मनात मागितले होते, की गणिताच्या सरांना ताप येऊ दे. त्याचा चेहरा पाहून तिने ते त्याच्याकडून वदवून घेतले आणि दुसऱ्या संध्याकाळी सर्वांसमोर त्याला म्हणायला लावले. "जे चारचौघांत सांगता येत नाय, ते देवाकडे मागायचं नाय," तिने बजावले होते. पुढे कितीतरी दिवस पास्कोल त्याला चिडवत असे, "काय रे, आज कुणाला ताप?"

"हे दशक..." सेसिलियाने सुरुवात केली. तिची नजर प्रतीक्षाच्या मंगळसूत्रावर गेली आणि तिथेच राहिली. ओठ हलले. मनात आलेले चारचौघांत सांगता येण्यासारखे नव्हते.

"आई, हेतू?" सलोनीने विचारले.

"चालू दे," पास्कोल पुटपुटला.

नमो मरिया सुरू झाली. सेसिलियाचा आवाज कोरडा होता. मणी बोटांना थंड लागत होते. रस्त्यावरून एखादी मोटारसायकल जवळ येई, सर्वांचे ओठ थांबत. ती पुढे निघून जाई, आणि प्रार्थना पुन्हा चालू लागे. दशक संपत आले तेव्हा जिन्यावर पावले वाजली.

एकाच माणसाची.

दारात दर्पण उभा होता. चेहऱ्यावर काजळी, शर्टाची एक बाही नाही. सेसिलियाच्या छातीतून श्वास सुटला. तो प्रतीक्षाने ऐकला असेल, असे तिला वाटले. पण प्रतीक्षा दर्पणच्या खांद्यामागे, रिकाम्या जिन्याकडे पाहत होती.

"खाली आहे, वहिनी," दर्पण म्हणाला. "पायाला लागलंय. पट्टी बांधून आणलाय, पण त्याला जिना चढवत नाय. पपा, हात द्या जरा."

प्रतीक्षा पळाली. दर्पण उंबऱ्यातच खाली बसला. "सुका गेला, आई. आमचा हेल्पर. वाणगावचा."

परडीतले चिकू सुकाच्या अंगणातले होते. दर्पणच्या हाती त्यानेच पाठवले होते, वेदीपुढे ठेवा म्हणून. झुंबर सांगून गेल्यापासून या खोलीने दोघांचाच विचार केला होता. तिसरा कुणाच्या मनातही आला नव्हता.

इंद्रजीतला वर आणून भिंतीशी टेकवले. पाचवे दशक त्यांनी सुकासाठी म्हटले. पास्कोलने हेतू मोठ्याने सांगितला. सेसिलियाला तो दुरून ऐकू आला. मग माळ संपल्यावर रोज घडे तसे झाले. मुले आशीर्वादासाठी आईपुढे वाकली. तिने सलोनीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, दर्पणच्या कपाळावरही. काजळी तिच्या अंगठ्याला लागली.

आणि आज पहिल्यांदाच, त्यांच्यामागून प्रतीक्षा पुढे आली.

"काकू, मघाशी तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही," ती रडत, हसत म्हणाली. "पण मनात दोघांसाठी मागितलंत ना?"

तिने डोळे मिटले आणि मान वाकवली.

सेसिलियाचा हात वर उठला. अंगठा प्रतीक्षाच्या कुंकवापर्यंत गेला आणि तिथे थांबला. दर्पण आईच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चोरून काही मागितलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे या घरात सर्वांत आधी त्यालाच शिकवले गेले होते.

प्रतीक्षा तशीच वाकून उभी होती. सेसिलियाने अंगठा मुठीत मिटून घेतला आणि ती आत निघून गेली.