बाबांचे तास

तिच्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात शंभर तासांचा सराव सक्तीचा होता. म्हणून दर रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्याच घराची बेल वाजवून तिचे पेशंट म्हणून यायचे.

त्या रविवारीही आले. खुर्चीत टेकले आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मुलीचा फार जाच आहे हो. चहात साखर मागितली, तर विचारते, साखर मिळाली नाही की तुम्हाला कसं वाटतं?"

"मग कसं वाटतं?" तिने वहीतून मान वर न करता विचारलं.

"घ्या! तुम्हीही त्याच माळेचा मणी." तास संपल्यावर उठता उठता त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बेचाळीस झाले ना गं?"

"हो."

"शंभर भरल्याशिवाय मी काही बरा होत नाही, बघ."

मंगळवारी बसल्या जागी ते गेले.

महिन्याभराने वर्गात बाईंनी एक रिकामी खुर्ची मांडली. जे सांगायचं राहून गेलं, ते समोर माणूस बसलाय असं समजून मोठ्याने सांगायचं, हा त्या दिवशीचा धडा होता. तिची पाळी आली तेव्हा तिने खुर्ची आधी खिडकीकडे वळवली. बाबांना उजेड लागायचा.

"बाबा, घरच्या माणसांचे तास धरतच नाहीत. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही बेल वाजवली नसतीत. आणि एरवी आपण दोघं बोलायचो तरी कुठे?"