चंद्रावरची मुलगी

“आता बघा, आता येईल,” केयूर म्हणाला आणि तबरेजने टीव्हीचा आवाज वाढवला.

पडद्यावर चंद्र होता. म्हणजे उरणकडची मिठागरं. द्रोणागिरीत गोदामं उभी राहायच्या कितीतरी आधी तिथल्या मिठाच्या ढिगांमध्ये ‘मुक्काम चंद्र’चं शूटिंग झालं होतं. काळ्या-पांढऱ्या चित्रात ते ढीग खरोखर परक्या जगातले डोंगर वाटत. अंतराळवीर गुडघे टेकून मेलेल्या सोबत्याचा निरोप घेत होता. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून फ्रॉक घातलेली एक मुलगी हातात डबा घेऊन पळत गेली.

व्हिडिओ लायब्ररीत जमलेले सगळे हसले. कोणीतरी शिट्टी मारली.

“चंद्रावर टिफिन सर्व्हिस,” तबरेज म्हणाला. लायब्ररी त्याची होती आणि हा विनोदही. तो दर वेळी हेच म्हणायचा आणि लोक दर वेळी हसायचे.

मागच्या खुर्चीवर बसलेल्या सुमेधाबाई मात्र हसल्या नाहीत. हा सिनेमा लागला की त्या जुईनगर स्टेशनच्या पलीकडून चालत यायच्या, छत्री पायाशी ठेवून बसायच्या आणि संपला की उठायच्या. केयूरला त्याचं फार अप्रूप होतं.

“काकूच खऱ्या फॅन,” तो म्हणायचा. “बाकीची पब्लिक टाइमपास.”

त्या दिवशी मात्र सिनेमा संपल्यावर कोणी उठलं नाही. दिग्दर्शकाने सिनेमा नव्याने आणला होता. कॉम्प्युटरवर काढलेले खड्डे, नवं संगीत, आणि मुलगी गायब. मूळ रीळच कापलं होतं. जुना सिनेमा आता फक्त लोकांनी दूरदर्शनवरून उतरवून ठेवलेल्या कॅसेटींत उरला होता.

“त्याचा सिनेमा, त्याची मर्जी,” तबरेज म्हणाला. “एवढा सिरियस सीन, आणि पब्लिक खी-खी करते. कोण सहन करेल?”

“एकदा दाखवला की लोकांचा झाला,” केयूर म्हणाला. “उद्या म्हणेल चंद्रच नको. चालेल तुला?”

“पेपरात आलंय ना, कोणीतरी त्याच्या घरी जाऊन हात जोडले. म्हणून काढली म्हणे.”

“कोणीतरी खडूस म्हातारा असणार. अरे, चूक होती म्हणून तर जीव होता त्या सीनमध्ये. दुपारी मिठागरावर घरचा डबा येतो, हे त्या युनिटवाल्यांना कोणी सांगितलंच नाही. पोरगी आपली रोजच्या वाटेने आली. ती मुलगी आपली आहे, तबरेज.”

“तुमची?” सुमेधाबाईंनी विचारलं.

“आपल्या सगळ्यांची, काकू. आज असेल कुठेतरी. तिला माहीतही नसेल लोक तिच्यासाठी भांडतायत.”

“नाही. तिला माहीत नाही.” त्यांनी छत्री उचलली. “पण या कॅसेटी अशा गावभर विखुरलेल्या बऱ्या नाहीत. एका जागी आणायला हव्यात.”

“बघ,” केयूर तबरेजला म्हणाला. “याला म्हणतात प्रेम.”

मग केयूर कामाला लागला. ऑफिस सुटलं की स्कूटर काढायचा. वाशी, बेलापूर, पनवेल. कोणाच्या तरी मामाकडे, कोणाच्या तरी माळ्यावर. कॅसेट मिळाली की सुमेधाबाईंच्या घरी आणून द्यायचा. बाईंचं घर एका खोलीचं, टापटीप. व्हीसीआरवर पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या कापडाचं कव्हर होतं.

“घरी शिवलंत?”

“हो. जुनं कापड पडून होतं.”

प्रत्येक कॅसेटीच्या कडेची बारीकशी पट्टी केयूर पेचकसाने मोडून टाकायचा. “आता यावर चुकूनसुद्धा दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.”

“आणि मुद्दाम करायचं म्हटलं तर?”

“पट्टी मोडून पडलेल्या खाचेवर सेलोटेप लावायची. तबरेज लग्नांच्या कॅसेटी अशाच परत विकतो.” तो हसला. “तुमच्याकडे काही टेन्शन नाही.”

बाईंनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

तबरेज शेवटपर्यंत दिग्दर्शकाच्या बाजूने भांडत राहिला, पण लायब्ररीतली कॅसेट त्यानेही देऊन टाकली. “घेऊन जा. मावशींकडे तरी नीट राहील. इथे पोरं तो सीन पुढे-मागे करून करून टेप झिजवतात.”

शेवटची कॅसेट पावणे एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडे निघाली. केयूर ती घेऊन आला तेव्हा दुपार होती.

“झालं, काकू. आता बाहेर एकही नाही. मी सगळीकडे विचारलं.”

“नक्की?”

“आईशप्पथ. पुढच्या महिन्यात सगळ्यांना इकडे बोलावू. मोठा शो करू.”

“तू फार केलंस रे,” सुमेधाबाई म्हणाल्या. हे त्या मनापासून म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली. कपाटातून सेलोटेप काढली, तुकडा नखाने तोडला आणि नव्या कॅसेटीच्या खाचेवर नीट दाबून बसवला. कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. टीव्हीवर भाताच्या रोपांवरची कीड दाखवत होते. त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

कार्यक्रम संपला, दुसरा सुरू झाला, तोही संपला. मग ती कॅसेट त्यांनी कपाटात बाकीच्यांच्या ओळीत ठेवली. त्या सगळ्यांच्या खाचांवर सेलोटेप होती.

एकीवर नव्हती. ती साड्यांच्या खाली होती.

ती लावून त्या टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या. व्हीसीआरवरचं कव्हर मांडीवर घेतलं. त्याच्या एका कडेला फुग्याच्या बाहीची शिलाई अजून तशीच होती. त्यापुढच्या मापाचा फ्रॉक त्यांना कधी शिवावा लागला नव्हता. चंद्र आला. अंतराळवीराने गुडघे टेकले. मिठाच्या ढिगामागून मुलगी निघाली, ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये, वडिलांसाठी सुमेधाबाईंनीच भरून दिलेली घेवड्याची भाजी घेऊन.



“ये गं, सावकाश ये,” सुमेधाबाई म्हणाल्या. “आता कोणी हसत नाही.”