जना उठली नाही

जेसीबी अंगणात शिरला, तेव्हा जना घरात एकटीच भाकऱ्या थापत होती.

"जने, बाहेर हो!" रोहिदास दारातून ओरडला. तिचा सख्खा भाऊ. बापाचं तेरावं नुकतंच उरकलं होतं. कुंभिवलीतली हायवेलगतची ही जागा त्याला गोदामासाठी द्यायची होती, आणि जना काही केल्या हक्क सोडायला तयार नव्हती.

"मी पण लेक हाय बाबाची," ती म्हणाली. "माझा हिस्सा हाय ह्यात."

"तुझं लगीन झालं तवाच तुझा हिस्सा संपला. निघतेस का घालू मशीन?"

तिने पुढच्या भाकरीसाठी पिठाचा गोळा हातात घेतला. रोहिदासने मागे वळून हात केला.

पहिल्या धक्क्याला पडवीचा खांब मोडला. कौलं धडाधड खाली आली. मग भिंतीला भगदाड पडलं आणि धुळीतून ते लोखंडी दात थेट आत आले.

पळायचं, एवढंच जनाच्या मनात होतं. मागचं दार उघडंच होतं. पण कमरेखालचं अंग तिचं राहिलंच नव्हतं. हातातला पिठाचा गोळा तेवढा तिने घट्ट धरून ठेवला.

अचानक इंजिन थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला.

"बाई जागची हलत नाय," तो रोहिदासला म्हणाला. "माणसावर नाय घालायचो मी मशीन."

"आरं, नाटकं हायत तिची!"

"मग तुमी चालवा."

रोहिदास भगदाडातून बहिणीकडे बघत राहिला. "उद्या दुसरा आणतो," म्हणाला आणि निघून गेला. जेसीबीही गेला.

तशा शेजारच्या बाया धावत आत आल्या.

"काय गं धीर तुझा, जने!"

"दुसरी असती तर कवाच पळाली असती."

कुणीतरी मोबाईलवर तिचा फोटो काढला.

जनाने म्हाताऱ्या अंबाबाईचा हात धरला. "काकी, मला उठव," ती पुटपुटली. "पण आधी ह्या बायांना बाहेर काढ."

अंबाबाई तिच्या बगलेत हात घालायला वाकली, तसा तिचा पाय ओल्यात पडला. जनाची साडी मागून पार भिजली होती.

"जा गं सगळ्या," अंबाबाई म्हणाली. "तिला दोन घास खाऊ द्या."

बाया बाहेर पडल्या. भिंत पडली होती त्या बाजूला अंबाबाई पदर पसरून उभी राहिली.