फणसाच्या फळ्या

डॉमिंगो मास्तरांच्या धाकट्या लेकीचं, ब्रेंडाचं, लग्न झालं, त्याच वर्षी शाळेने त्यांची सुतारकामाची खोली बंद करायचं ठरवलं. मुलं मोबाइलवर रंधा बघत, हातात कोणी घेत नसे. मुख्याध्यापक गुरुदास सरांनी एवढीच सवलत दिली होती, एका तरी मुलाने स्वतःच्या हाताने वस्तू करून आणली तर खोली राहील.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मास्तर सकाळपासून दाराकडे डोळे लावून होते. कोपऱ्यात फणसाच्या फळ्या भिंतीला टेकून वाळत होत्या. वाड्यावरच्या किरिस्तावांत कोणी गेलं की मयताची पेटी मास्तरच करीत. या फळ्या त्यांनी स्वतःसाठी राखल्या होत्या. पेटी करणारा हात तेवढा तयार व्हायचा होता.

पोरं एकेक करून हात हलवीत आली. शेवटी विनीत आला, काखेत आडाळो घेऊन. नारळ खोवायचा, बसायच्या पाटासकट, गुळगुळीत.

"बघा मास्तर!" गुरुदास सर हरखले. "वाचली तुमची खोली."

मास्तरांनी आडाळो उलटा केला. पातं बसवलं होतं तिथे खिळा नव्हता, बांबूची खुंटी होती. अशी खुंटी आता मास्तरांशिवाय कोणी मारीत नसे. सुट्टीत केलेले आडाळे ते कट्ट्याच्या बाजारात सत्यवतीच्या दुकानात विकायला ठेवीत.

"तूच केलंस रे?"

"होय मास्तर. मीच."

"मगे ही खुंटी कित्याक मारलंस?"

विनीतने इकडेतिकडे पाहिलं. "खंयची खुंटी?"

"काय झालं, मास्तर?" गुरुदास सरांनी दारातून विचारलं.

मास्तर थोडा वेळ फळ्यांकडे बघत राहिले. मग आडाळो सरळ करून त्यांनी टेबलावर ठेवला.

"काही नाही, सर. चांगला केलाय त्याने."

खोली राहिली. जूनपासून मास्तर रोज कुलूप काढून हत्यारांना तेल लावीत बसत. आत कोणी येत नसे. विनीत तर तिथून जाताना मान खाली घालून झपझप निघून जाई.

डॉमिंगो मास्तर त्याच वर्षी, नाताळाच्या आदल्या आठवड्यात वारले. पेटी म्हापशाहून तयार आणली.