पिवळी पट्टी

तीन वाजले तशी सत्यवतीने पदराला हात पुसले, पियानोचं झाकण उघडलं आणि लाल टिकलीची पट्टी हळूच दाबली.

सूर निघाला, खिडकीबाहेरच्या सुरूच्या झाडांत गेला आणि विरला. मग निळी. पुन्हा निळी. मग हिरवी. या टिकल्या इराने, बंगल्याच्या मालकीण मोठ्या बाईंच्या नातीने, लहानपणी शिकताना चिकटवल्या होत्या. इरा कंटाळली, परदेशी गेली, टिकल्या तेवढ्या राहिल्या. सत्यवतीला सूर कुणी शिकवले नव्हते, पण रंग कळत होते. रेवसच्या खाडीपलीकडे, मिठागरात मीठ ओढताना तिची आई एक गाणं गुणगुणायची. एकेक रंग चाचपत, सहा महिने खपून, सत्यवतीने ते गाणं शोधून काढलं होतं!

पडद्याच्या फटीतून ऊन येऊन तिच्या पावलांवर पडायचं. समुद्र लांब गेलेला असायचा. मांडव्याच्या धक्क्यावरची बोट कधी सुटली, कधी लागली, काही कळायचं नाही. आपण या बंगल्याची राखण करणारी बाई आहोत, वय अठ्ठावन्न आहे, गुडघे दुखतात, हे सगळं ती तासभर विसरून जायची.

घोडं अडायचं ते पिवळ्या पट्टीशी. पावसाळ्यात ती फुगली होती. दाबली की नुसती ठक् वाजायची आणि खालीच बसायची. आणि नेमकी तीच गाण्याच्या ओळीच्या शेवटी! मग तेवढा सूर सत्यवती गळ्यातून लावायची आणि पुढच्या पट्टीवर जायची.

हे सगळं अर्थातच चोरून. धूळ वरवर पुसायची, झाकण उघडायचं नाही, असं मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आधीच्या बाईने पियानोवर ओली कुंडी ठेवली, तर महिन्याच्या आत तिला घालवली होती. बंगल्यामागची खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली तर या वयात कोंडाजीला, नवऱ्याला, घेऊन जायचं कुठे?

पण सत्यवती काही खुळी नव्हती. मोठ्या बाई पडल्या, मुंबईला अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने, सलिलदादाने, दिवाणखान्यात कॅमेरा लावला. त्याच्या मोबाइलमध्ये तिने नीट बघून घेतलं होतं. दार दिसत होतं, सोफा दिसत होता, अर्धा झोपाळा दिसत होता. पियानोचा कोपरा दिसत नव्हता.

रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा.

"दुपारी पडलीस का गं जरा?"

"पडले व्हते बाई."

"पडत जा. तीन ते चार तुला कुणी फोन करायचा नाही, असं सलिलला सांगून ठेवलंय मी."

किती जीव लावते ही बाई, आणि आपण तिच्याशी खोटं बोलतो! सत्यवतीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी तीन वाजले की मात्र हात आपोआप पुसले जायचे.

एकदा कोंडाजीला ताप आला. दिवसभर ती खोलीतच होती. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "काय गं, आज बरं नाही का?"

"मना काय न्हाय बाई. यांना ताप हाय."

"तरीच," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी अलिबागहून डॉक्टर आला.

मग मंगळवारी सलिलदादाचा फोन आला. "गुरुवारी गेटवेच्या बोटीने एक गृहस्थ येतील, पियानो बघायला. दिवाणखाना उघडून द्या."

"इकायचा हाय का दादा?"

"आईचं काम आहे. मला काही विचारू नका."

कोंडाजी म्हणाला, "इकणार आसतील. न्हायतर तुजं कळलं आसंल. कितींदा सांगितलं, त्या पेटीच्या नादी लागू नको!"

बुधवारी तिने शेवटचं म्हणून वाजवलं. लाल, निळी, निळी, हिरवी. पिवळीशी आली आणि सूर फुटेना. तिथेच पट्ट्यांवर डोकं टेकून ती रडली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "घसा बसलाय का गं तुझा?"

"सर्दी झालीया."

"उद्याच्या माणसाला जेवायला घाल हो नीट."

गुरुवारी ते गृहस्थ आले. पांढरे केस, हातात जड पिशवी. पियानोची फळी काढून ते एकेक तार पिळत, कान लावून ऐकत बसले. सत्यवती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. चहा ठेवताना तिने धीर केला.

"साहेब, गिऱ्हाईक लागलं का याला?"

"गिऱ्हाईक कसलं? सूर लावतोय मी."

"मंग वाजवनार कोन?"

"असेल की कुणीतरी," ते म्हणाले आणि पुन्हा तारांत शिरले.

तीन वाजायला आले तेव्हा त्यांनी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. पियानो असा बोलला की सत्यवतीच्या अंगावर काटा आला. मध्येच एकदा ठक् झालं. गृहस्थ फळी बसवून हत्यारं आवरू लागले.

"साहेब, पिवळी राहिली की!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. गृहस्थ वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे.

"ती करायची नाही, बाईंनी शपथ घातलीय. याला हा कोपरा दिसत नसला तरी ऐकू सगळं येतं, सत्यवतीबाई. रोज तीन वाजता फोन उशाशी घेऊन पडतात त्या. म्हणाल्या, पिवळी वाजायला लागली, तर ती तिथे गायची थांबेल."