एकमताने मंजूर

बलात्काराच्या गुन्ह्यात सात वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायला येणार, अशी बातमी फुटली आणि गच्चीवर तातडीची मीटिंग भरली. सोसायटीच्या अध्यक्षांचा आवाज चार गल्ल्यांत पोचला असेल.

"शिक्षा भोगली म्हणे! कायद्यानं सोडलं म्हणून आपण सोडायचं? असल्यांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे. आपल्या लेकीबाळी राहतात इथं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला घर द्यायचं नाही, असा ठराव मी वहीत उतरवला. एकमताने मंजूर.

पुरुष मंडळी खुर्च्या आवरायला लागली. अध्यक्ष तेवढे लिफ्टमध्ये शिरले आणि दार धरून उभे राहिले. "या गं सगळ्या, पुष्कळ जागा आहे."

"नको काका, आम्ही चालतच उतरतो."

आठ मजले. पुढे मी, मागे माझी कॉलेजातली भाची, तिच्यामागे डॉक्टरीणबाई आणि सगळ्यात शेवटी, कठडा धरून एकेक पायरी मोजत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या सासूबाई.

खाली पोचलो तेव्हा अध्यक्ष वॉचमनला कौतुकानं सांगत होते, "आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांना व्यायामाची भारी हौस!"