वेगळा कप

“कुठून आणलंस हे?”

सातव्या महिन्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवून सून उभी होती. तिचा रिपोर्ट सासूच्या हातात होता. काविळीचा विषाणू, ब प्रकारचा. रक्तात मुक्काम ठोकून बसलेला, बाळंतपणात आईकडून बाळाकडे जाणारा.

“मला नाही माहीत, आई.”

“रक्त तुझं, आणि माहीत मला असणार?”

सासू घरी बसून शर्टांची काजं करायची. तिने डब्यातून लाल दोरा काढला, सुनेच्या कपाच्या कानाला गाठ मारली आणि कप खिडकीत वेगळा ठेवला. हे उष्ट्याने पसरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं. पण सासूचा विश्वास स्वतःच्या जिभेवर, आणि त्या जिभेला हाड नव्हतं.

“थोरल्याला दारूने खाल्लं,” ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “आता धाकट्याला ही खाणार. बापाकडे पाठवते हिला. तिथेच होऊ दे काय व्हायचं ते.”

बापाच्या गावी दवाखाना होता, पण बाळाला लागणारी इंजेक्शनं नव्हती. जन्मल्यापासून बारा तासांत दोन इंजेक्शनं मिळाली, तर बाळ बहुतेक सुटतं. नाहीतर विषाणू जन्माचा सोबती. सुनेला हे पाठ होतं.

“जाईन मी,” ती म्हणाली. “पण आधी तुम्ही आणि हे, दोघंही तपासायला रक्त द्या. घरातल्या सगळ्यांनी द्यायचंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“देते की. लागू दे एकदाचा सोक्षमोक्ष.”

थोरला अकरा वर्षांपूर्वी गेला होता. अठ्ठावीस वर्षांचा. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या. लिव्हर गेलंय म्हटल्यावर गल्लीने निकाल दिला, दारू. आईनेही मान डोलावली. रक्त कुणी तपासलंच नाही. दारुड्याचं रक्त काय तपासायचं? रोज संध्याकाळी ती त्याला दारात उभं करायची आणि त्याचं तोंड हुंगायची. “लवंग चघळून येतो, लबाड,” असं म्हणून मग आत घ्यायची. त्याचाही कप तिने असाच वेगळा काढला होता. “आई, थेंब घेतलेला नाही गं,” तो सांगायचा. सांगून सांगून थकला. एका संध्याकाळी तिने दार उघडलंच नाही. तो एका मित्राच्या खोलीवर गेला आणि तिथेच संपला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले.

“दोघांनाही आहे. मावशी, तुमच्यात तो फार जुना आहे, बहुतेक तुमच्या जन्मापासूनचा. मुलाला तो तुमच्याकडून मिळाला, जन्मतानाच. आणि त्याच्याकडून सूनबाईला.”

धाकटा चपलांकडे बघत राहिला. सुनेने सासूकडे पाहिलं नाही. तेवढी माणुसकी तिच्यात होती.

“पण मला तर कधी काही झालं नाही,” सासू म्हणाली.

“काहींना होत नाही. काहींचं लिव्हर मात्र तो तरुणपणीच आतून खातो. पत्ताही लागत नाही. यात दोष कुणाचाच नाही, तुमचाही नाही.”

सासूने कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, “ही कुठे जाणार नाही. बाळंतपण इथेच. ती इंजेक्शनं तयार ठेवा.”

“ठेवते.” डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “आणखी मुलं आहेत का तुम्हाला? त्यांचंही रक्त बघावं लागेल.”

“एक होता. थोरला.”

“कशाने गेला?”

अकरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं. कुणी न विचारताही ती ते सांगायची. आज तिने हातातला कागद टेबलावर ठेवला.

“मी रोज त्याचं तोंड हुंगायचे,” ती म्हणाली. “एकदाही वास आला नाही.”